पुलापाशी दोघे

दातांचा दवाखाना बंद केल्यापासून डॉक्टरांना दोनच उद्योग उरले होते. सकाळी पेपर वाचायचा आणि मग वहिनींच्या तपासात नाक खुपसायचं. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ होता तेव्हा खासगी तपासाचं ऑफिस चालायचं त्याच्या नावावर आणि डोकं चालायचं वहिनींचं. भाऊ गेल्यावर पाटीवरचं नाव तेवढं बदललं. अशिलांना फरक जाणवला नाही. डॉक्टर मात्र आपण नसतो तर वहिनींचं काही खरं नव्हतं, अशा थाटात रोज येऊन खिडकीजवळची खुर्ची अडवून बसत, आणि वहिनीही त्यांचा हा समज मोडायला जात नसत.

त्या सकाळी आलेल्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. कपडे साधे, इस्त्री कडक. त्यांनी पर्स उघडली, पुन्हा बंद केली, आणि वस्तू दाखवण्याआधी एक अट घातली.

"तुम्ही जे शोधून काढाल ते माझ्या सोयीचं नसलं तरी चालेल. पण खरं हवं."

डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला. अशील नेमकं याच्या उलट बोलतात, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता. बाई त्यांना तिथल्या तिथे आवडून गेल्या.

बाईंचे वडील सैन्यात कॅप्टन होते. त्या लहान असताना सीमेवर लढाई झाली, आणि कॅप्टनच्या तुकडीकडे एका पुलाच्या चौकीची राखण आली. एका पहाटे शत्रू पुलावरून बिनबोभाट आत शिरला आणि निम्मी तुकडी कापली गेली. पहाऱ्यावर असलेल्या तरुण लेफ्टनंटनं लष्करी कोर्टात शपथेवर सांगितलं की, हल्ल्याच्या थोडंच आधी आपण कॅप्टनना पुलापाशी शत्रूच्या अधिकाऱ्याशी हात मिळवताना पाहिलं. आपलेच वरिष्ठ, म्हणून इशारा दिला नाही. कॅप्टन म्हणाले, मी त्या वेळी तंबूत एका जखमी जवानाच्या उशाशी बसलो होतो. पण तो जवान उजाडायच्या आतच गेला होता, साक्षीला यायचं कुणी? कॅप्टनच्या खांद्यावरची चिन्हं सगळ्यांसमोर उतरवली गेली. पुढे ते तुरुंगातच वारले.

"आई रोज कोर्टात बसायची," बाई म्हणाल्या. "ती सांगायची, त्या लेफ्टनंटच्या ओठांवर मिसरूड होतं नुसतं. एकदाही त्यानं वर पाहिलं नाही. साक्ष देताना मनगटावरच्या घड्याळाला सारखी चावी देत होता. आई हे माझ्याशीच बोलायची. बाहेर कुणापाशी तिनं बाबांचं नावही काढलं नाही, आणि मीही हे कुणाला सांगितलेलं नाही."

आता त्या खटल्यावर सिनेमा निघत होता. बाईंनीही शिक्षा रद्द व्हावी म्हणून फेरविचार मंडळाकडे अर्ज केला होता आणि सुनावणी पुढच्याच आठवड्यात होती. सिनेमावाल्यांनी त्यांना आग्रहानं बोलावून स्टुडिओच्या आवारातल्या पाहुण्यांच्या इमारतीत ठेवून घेतलं होतं. युनिटमधली मुख्य मंडळीही तिथेच राहत. सगळे त्यांना ताई म्हणत. शूटिंग संपत आलेलं होतं, आणि काल सकाळी ताईंच्या दाराखालून एक पाकीट आत सरकलेलं त्यांना दिसलं.

पाकिटात एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो होता. मागे वाळूच्या पोत्यांची भिंत. शत्रूच्या गणवेशातला एक अधिकारी आणि त्याच्याशी हात मिळवणारा एक कॅप्टन. कॅप्टन अर्धा पाठमोरा, टोपीची सावली चेहऱ्यावर. डाव्या खांद्याच्या पट्टीत हातमोज्यांची जोडी अडकवलेली. सोबत टाइप केलेली एक ओळ: अर्ज मागे घ्या, सिनेमा थांबवा, नाहीतर हे मंडळापुढे जाईल.

"हे तुमचे वडीलच, असं तुम्हाला वाटतं?" वहिनींनी विचारलं.

ताईंनी फोटो पुन्हा हातात घेतला. "चेहऱ्यावरून नसतं म्हटलं. मी लहान होते, आणि आमच्या घरात त्यांचा गणवेशातला एक फोटो उरू दिला नाही लोकांनी. पण ही उभं राहायची ढब, ती टोपी, ते हातमोजे, सगळं तेच आहे. सिनेमात अगदी असंच दाखवलंय. दिग्दर्शकांनी इतका अभ्यास केलाय बाबांचा. हे पाहिलं आणि माझा धीरच सुटला." मग त्यांनी आवाज सावरला. "हे बाबा असतील तर मी स्वतः जाऊन अर्ज मागे घेईन. कुणी धमकी दिली म्हणून नाही. मंडळापुढे खोटं बोलायचं नाही म्हणून. फक्त तोवर युनिटमध्ये हा फोटो कुणाला दिसता कामा नये."

वहिनींनी कबूल केलं. फोटो डॉक्टरांच्या कोटाच्या आतल्या खिशात गेला.

ताई गेल्यावर डॉक्टरांनी आपला अंदाज सांगून टाकला: फोटो बनावट, कागद मुद्दाम पिवळा केलेला. त्यांचा एक जुना पेशंट फोटोग्राफर होता. त्याच्याकडे जाऊन ते दुपारी उतरल्या चेहऱ्यानं परतले. कागद खरोखरच त्या काळातला होता. तसला कागद निघणं बंद होऊन जमाना लोटला होता.

"झालं मग," डॉक्टर म्हणाले. "बिचाऱ्या ताई."

"भावजी, कागद जुना आहे इतकंच कळलं," वहिनी म्हणाल्या. "त्यावर चित्र कधी उमटलं ते कुठे कळलं? उद्या आपण सिनेमा बघायला जाऊ."

स्टुडिओत वहिनींची ओळख ताईंची मैत्रीण म्हणून करून दिली गेली आणि डॉक्टरांची मैत्रिणीचे दीर म्हणून. दुसरी ओळख डॉक्टरांना फारशी रुचली नाही.

आवारात पूल उभा होता. लाकडाचा आणि प्लॅस्टरचा, पण असा की डॉक्टर त्यावरून जपून चालले. एका अंगाला वाळूच्या पोत्यांची भिंत होती. कलाविभागाच्या शेडमध्ये जुन्या वस्तूंच्या उघड्या पेट्या पडलेल्या: कंदील, पट्टे, पेले, कुठल्यातरी बंद पडलेल्या स्टुडिओतून उचललेली जुन्या फोटो-कागदाची न फोडलेली पाकिटं. तिथे कुलूप नव्हतं. कुणीही यावं, हवं ते न्यावं.

दिग्दर्शक उंच, किडकिडीत आणि बोलका होता. ताईंशी आपलं एकदा वाजलं होतं हे त्यानं आपणहून सांगितलं. त्याला शेवट मोकळा सोडायचा होता. कॅप्टन दोषी की निर्दोष, हे प्रेक्षकांनी ठरवावं. ताई म्हणाल्या होत्या, तुमच्या प्रेक्षकांना घरी जायचंय, माझे वडील गेले ते परत आलेच नाहीत. त्यावर आपण विषय बदलला, असं तो हसत म्हणाला. डॉक्टरांनी मनातल्या मनात त्याच्या नावापुढे खूण केली. ताईंनी माघार घेतली तर याला मोकळा शेवट मिळत होता.

"आमचं युनिट म्हणजे एक कुटुंब आहे," दिग्दर्शक सांगत होता. "पहिल्या दिवसापासून तीच माणसं. फक्त कॅमेरामन बदलला. आधीचे आजारी पडले, शूटिंगचं पहिलं सत्र संपताच काम सोडून गेले. मी डोक्याला हात लावून बसलो, आणि या आताच्या कॅमेरामनचा फोन आला. एवढा मोठा माणूस, आपणहून! हातातला मोठा सिनेमा सोडून आले. त्यांनी काय केलंय ते बघाच तुम्ही."

त्यानं त्यांना प्रीव्ह्यूच्या छोट्या थिएटरात नेऊन लेफ्टनंटच्या साक्षीचा प्रसंग दाखवला. डॉक्टर आपण कशासाठी आलो ते विसरले. एका बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड त्या खोटं बोलणाऱ्या पोराच्या गालावर असा पडला होता की, त्याचा राग यायच्या ऐवजी कीव येत होती. पोरगा शपथ घेतो, बोलू लागतो, नजर खाली, बोटं मनगटावरच्या घड्याळाची चावी फिरवतायत. थांबतात, पुन्हा फिरवतात.

"हा माझा खलनायक," दिग्दर्शक कौतुकानं म्हणाला. "आणि कॅमेरामननी त्याला देवासारखा उजेड दिला. आधी मी चिडलो होतो. पण बघितल्यावर हात जोडले. ते घड्याळही त्यांचंच. कागदपत्रांत असलं काही नाही. ऐन वेळी त्या नटाच्या कानात जाऊन सांगून आले."

डॉक्टरांनी मान डोलावली. कलावंत तो कलावंतच, असं त्यांना वाटलं. वहिनींनी तो प्रसंग पुन्हा एकदा लावायला सांगितला.

दुसरा संशय डॉक्टरांनी राखून ठेवला होता तो मेजरवर. लष्करी बारकाव्यांसाठी सल्लागार म्हणून ठेवलेला हा निवृत्त गृहस्थ खुर्चीतही सावधान बसायचा. सैन्याची अब्रू चव्हाट्यावर आणणारा सिनेमा त्याला कसा चालतो, असं डॉक्टरांनी आडून आडून विचारलं.

"चुकीची शिक्षा झाली असेल तर ती सैन्यानंच पुसली पाहिजे," मेजर म्हणाला. "मला सिनेमाचा राग नाही, सिनेमावाल्यांचा आहे. टोपी तिरकी घालतात. बूट धुळीत लोळवतात. खांद्याची पट्टी म्हणजे यांना खुंटी वाटते. तंबूत सिगारेट ओढत नकाशा बघतात. पहिल्याच दिवशी इतकी हुज्जत घातली, की शेवटी दिग्दर्शक म्हणाले, मेजरसाहेब, हा सिनेमा आहे. बरं म्हटलं. त्या दिवसापासून विचारलं तरच बोलतो."

नायक चहा पीत बसला होता. कॅप्टनच्या वेशात नसताना तो अगदीच साधा दिसत होता. चहाचा कप ठेवला की त्याला हातांचं काय करावं ते कळत नसे. मग तो चष्मा काढायचा, शर्टाच्या खिशाला अडकवायचा, पेपरची गुंडाळी करून काखेत मारायचा. डॉक्टरांनी त्याचे दात बघितले आणि मनातल्या मनात त्याला पास केलं.

"कॅप्टन होणं सोपं गेलं का?" वहिनींनी विचारलं.

"छे. पहिल्या दिवशी तर माझी फजिती झाली. चेहरा जमत होता, आवाज जमत होता, हात कुठे ठेवू? रिकामे असले तरी पंचाईत, भरलेले असले तरी पंचाईत. दिग्दर्शकांनी सांभाळून घेतलं, मेजर मात्र मला गिळायला उठले होते." मग तो गंभीर झाला. ताई पहिल्यांदा सेटवर आल्या तेव्हा तो कॅप्टनच्या वेशात होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, असं चालायचे होय ते. त्या दिवसापासून आपण एकही शॉट हलगर्जीपणानं दिलेला नाही, असं त्यानं सांगितलं.

राहिला कॅमेरामन. तो पुलापाशी होता. ताईंहून आठ-दहा वर्षांनी लहान, कमी बोलणारा, डोळे उजेडावर. दोन सैनिकवेशातल्या माणसांना त्यानं पोत्यांच्या भिंतीपुढे उभं केलं होतं, आणि ती माणसं बापडी जांभया देत उभी होती. कशासाठी, असं डॉक्टरांनी त्यांतल्या एकाला विचारलं. "लाइट बघतायत साहेब. रोज कुणाला ना कुणाला उभं करतात. आम्हाला काय, सावलीत बसलो काय नि उन्हात उभं राहिलो काय."

वहिनींनी कॅमेरामनचं मनापासून कौतुक केलं. लेफ्टनंटला असा उजेड द्यावा, हे सुचलं कसं?

"बावीस वर्षांचा मुलगा होता तो," कॅमेरामन म्हणाला. "सगळे त्याला राक्षस करायला निघालेत. एवढ्या वर्षांनी कुणाला काय माहीत, त्यानं काय पाहिलं आणि काय नाही?"

"तुमच्या मते कॅप्टन दोषी होते?"

"माझं मत उजेडापुरतं असतं," असं म्हणून तो भिंगातून बघायला वळला.

परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी आपला निष्कर्ष सांगितला. दिग्दर्शकच. हेतू आहे, संधी आहे, आणि माणूस गोड बोलतो. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही दाढा बघायचात तेव्हा किडलेली दाढ सोडून शेजारची काढायचात का हो?" डॉक्टरांनी घर येईपर्यंत रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी पाच जणांना प्रीव्ह्यू थिएटरात बसवलं: ताई, दिग्दर्शक, नायक, मेजर आणि कॅमेरामन. आपण कोण, हेही त्यांनी सांगून टाकलं. डॉक्टर दाराशी उभे राहिले. अशा वेळी दाराशी कुणीतरी उभं असावं, असं त्यांचं मत होतं.

"ताईंच्या परवानगीनं एक फोटो दाखवणार आहे," वहिनी म्हणाल्या. "पण आधी एक प्रश्न. सिनेमातला कॅप्टन हातमोजे खांद्याच्या पट्टीत अडकवतो. हे कुठून आलं?"

नायक ओशाळून हसला. "माझंच ते. सांगितलं ना, हातांचं काय करू कळेना. पहिल्या शॉटला हातमोजे हातात होते, नकाशा उलगडता येईना. दिले खोचून खांद्यात. दिग्दर्शक म्हणाले, छान दिसतंय, हेच ठेव."

"आणि मी म्हणालो, कुठलाही अधिकारी असलं करणार नाही," मेजर म्हणाला. "आमच्या पलटणीत असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोठडीत बसला असता."

"म्हणजे कॅप्टनसाहेबांची ही सवय नव्हती."

"त्यांची सवय? अहो, याची आहे," दिग्दर्शक नायकाकडे बोट दाखवत म्हणाला.

ताईंनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. डॉक्टरांना त्या क्षणी कळलं, आणि आपल्याला ते आधी का कळलं नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी खिशातून फोटो काढून वहिनींच्या हातात दिला. तो सगळ्यांमधून फिरला.

"या फोटोनं ताईंचा धीर खचला तो याच हातमोज्यांमुळे," वहिनी म्हणाल्या. "सिनेमात दिसतं ते सगळं अभ्यास करून घेतलेलं, असा त्यांचा विश्वास. आणि ज्यानं फोटो बनवला त्याचाही तोच विश्वास होता. त्यानं कागद त्या काळातला घेतला. तो तुमच्याच शेडमध्ये पडलाय. भिंत घेतली तीही तुमचीच. खऱ्यासारखा कॅप्टन उभा केला, हातमोज्यांसकट. म्हणजे बनवणाऱ्याला सिनेमातला कॅप्टन पाठ होता, पण हातमोजे खांद्यावर चढले कसे, हे त्याला ठाऊक नव्हतं. दिग्दर्शकांना ठाऊक होतं. नायकाला होतं. मेजरसाहेब तर भांडलेच होते. पहिल्या दिवशी हजर असलेला कुणीही ही चूक करणार नाही. पहिल्या दिवशी इथे नव्हती अशी दोनच माणसं आहेत. एक ताई."

दुसऱ्याचं नाव घ्यायची गरज पडली नाही. सगळ्यांनी वळून पाहिलं. कॅमेरामन फोटो हातात धरून बसला होता.

"लाइट बघायला म्हणून तुम्ही रोज कुणाला तरी उभं करता," वहिनी त्याला म्हणाल्या. "त्यातल्याच एका दिवशी दोघांना हात मिळवायला लावलंत. त्यांच्या ते लक्षातही राहिलं नसेल. इतकं माझ्या सहज ध्यानात आलं. अडत होतं ते कारणापाशी. एवढा मोठा कलावंत स्वतः फोन करून या सिनेमात येतो, जीव ओतून काम करतो, आणि तोच सिनेमा बंद पाडायला निघतो. असं का?"

कॅमेरामननं हातातला फोटो उलटा केला.

"ते घड्याळ तुम्ही कुठून आणलंत?"

"सुचलं," तो म्हणाला.

"ताई, तुमच्या आई काय सांगायच्या?"

ताई सावकाश बोलल्या. "तो सारखी घड्याळाला चावी देत होता." आणि मग कॅमेरामनकडे वळून, "तुम्हाला कसं कळलं? हे आईनं फक्त मला सांगितलं होतं."

"या सिनेमातली एक गोष्ट सगळ्यांना खरी वाटली, ती बनवलेली होती," वहिनी म्हणाल्या. "आणि एक सगळ्यांना बनवलेली वाटली, ती खरी निघाली. त्या कोर्टात लेफ्टनंटची बोटं काय करत होती, हे कागदावर नाही. तिथे बसलेल्यांपैकी कुणी सांगितलं तर कळेल. किंवा त्या माणसाला आयुष्यभर जवळून पाहिलं असेल, अडचणीत सापडला की तो काय करतो ते माहीत असेल, तर. तुम्ही त्याला राक्षस होऊ दिलं नाहीत. आपल्या माणसाला कोण होऊ देईल?"

"वडील होते माझे," कॅमेरामन म्हणाला.

दिग्दर्शक काहीतरी बोलायला उठला आणि मेजरनं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"सिनेमात आलात ते त्यांना जपायला," वहिनी म्हणाल्या. "उजेड देऊन भागेना, मंडळाची तारीख लागली, तेव्हा फोटो बनवलात. आता मी जे म्हणणार आहे त्याला पुरावा नाही. वडील खरं बोलले असा ज्याचा विश्वास असतो तो पुरावा शोधत राहतो. बनवायला बसतो तो, ज्याला माहीत असतं की शोधून मिळणारच नाही."

डॉक्टर आजवर वहिनींच्या हुशारीवर खूश होत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना त्या हुशारीची जरा भीती वाटली, आणि आदर दुणावला तो वेगळाच.

कॅमेरामननं फोटो शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मग तो बोलू लागला, आणि सगळा वेळ ताईंकडेच बघून बोलला. त्या पहाटे त्याच्या वडिलांना पहाऱ्यावर डोळा लागला होता. सलग कित्येक रात्रींचं जागरण होतं. जाग आली ती गोळीबारानं. वरच्या एका अधिकाऱ्यानं त्यांना तंबूत बोलावून सांगितलं, एक तरी दोषी लागणार, तू किंवा तुझा कॅप्टन. काय बोलायचं तेही त्यानंच शिकवलं. हे त्यांनी शेवटच्या आजारपणात मुलाला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर विचारलं, आता काय करू? मुलगा म्हणाला, काही करू नका, झोपा.

"मी त्यांना झोपायला सांगितलं," तो पुन्हा म्हणाला. "त्यानंतर चारच दिवसांत गेले."

वहिनी खाली बसल्या. त्यांचं काम झालं होतं. पण पुढची अडचण त्यांनी लपवली नाही. फोटो खोटा ठरला म्हणून कॅप्टन निर्दोष ठरत नव्हते. मंडळापुढे ताईंकडे होता तो फक्त त्यांचा विश्वास. आता सांगितलं ते तिथे जाऊन सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो बोलला की त्याच्या वडिलांचं नाव कायमचं काळं होणार होतं.

दिग्दर्शकाला राहवलं नाही. तुम्हाला बोलावंच लागेल, असं काहीसं तो म्हणू लागला. ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"यांना कुणी काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. मग कॅमेरामनला: "तीन दिवस मी धरून चालले होते, की बाबांनी ते केलं. मी अर्ज मागे घेणार होते. बापाचं नाव आपल्या हातानं खाली ठेवायचं म्हणजे काय असतं, ते मला आता माहीत आहे. म्हणून मी तुमच्याकडे काही मागणार नाही."

त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. डॉक्टरांनी दार उघडून धरलं. आपल्या आयुष्यात इतक्या मोठ्या मनाच्या माणसासाठी दार उघडायची वेळ फार थोड्या वेळा आली, असं ते पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

सुनावणीच्या दिवशी मंडळाच्या दालनात ताई, वहिनी आणि डॉक्टर वेळेआधी जाऊन बसले; मेजर आणि नायकही आले होते. कॅमेरामन दिसत नव्हता. डॉक्टर दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते आणि वहिनी त्यांना कोपरानं ढोसत होत्या. अध्यक्षांनी ताईंचं म्हणणं ऐकून घेतलं, सहानुभूतीनं मान हलवली, आणि नवा पुरावा काही आहे का, असं विचारलं. ताई नाही म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात मागच्या रांगेतून कुणीतरी उभं राहिलं. तो खांबाआड बसला होता.

त्यानं सगळं सांगितलं. स्वतः केलेल्या फोटोपासून सुरुवात केली, म्हणजे आपल्याला कुणी सज्जन समजू नये. अध्यक्ष वयस्क होते, स्वतः सैन्यातून आलेले. त्यांनी त्याला मध्येच थांबवून विचारलं, या साक्षीनं तुमच्या वडिलांची काय अवस्था होईल याची कल्पना आहे ना?

"आहे साहेब," तो म्हणाला. "त्यांना हे स्वतःच सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही. त्यांचं राहिलेलं बोलतोय."

कॅप्टनची शिक्षा रद्द झाली. हुद्दा परत देण्यात आला. अध्यक्षांनी निकाल उभं राहून वाचला, आणि ते उभे राहिले म्हणून सगळं दालन उभं राहिलं. ताईंच्या भोवती माणसं जमली. मेजरनं त्यांना कडक सॅल्यूट ठोकला, नायक लहान मुलासारखा रडला, आणि डॉक्टरांनी वहिनींपासून तोंड लपवण्यासाठी नाक शिंकरलं. वहिनींनी ते पाहिलं आणि या एका वेळी थट्टा केली नाही.

ताईंचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्या गर्दीतून वाट काढत बाहेर आल्या. कॅमेरामन जिन्याच्या पायरीवर एकटाच बसला होता, नजर चुकवून निघून जायचंही बळ नसल्यासारखा. त्या त्याच्या शेजारी त्याच पायरीवर बसल्या.

"घरी गेलात की तुमच्या बाबांच्या फोटोला सांगा," ताई म्हणाल्या. "म्हणावं, दोघेही सुटले."